टर्बो डिझेलचा मॅनिफोल्ड वारंवार फुटतोय? नवा घेण्याआधी जुना का फुटला ते शोधा

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक. ॲक्सिलरेटर दिला की टिकटिक जलद होते. अमळनेर सोडून धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज आपोआप बंद. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, थंडीचा आवाज असेल.

मी असंच म्हणत राहिलो. त्यापायी दोन वर्षांत एक गॅस्केट (सांध्यातली फट बुजवणारी पातळ पट्टी), एक वेल्डिंग आणि एक नवा कोरा मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा ओतीव नळ्यांचा तुकडा) असे तीन खर्च झाले आणि टिकटिक तिन्ही वेळा परत आली. चौथ्या वेळी कारण सापडलं. त्याला दोन आखाज्या (अक्षय्य तृतीया) उलटून गेल्या, गाडी सुरतेच्या सहा-सात फेऱ्या करून आली, आवाज नाही. ज्यांची गाडी याच चक्रात अडकली आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो. माझी गाडी सात सीटची चार सिलिंडर टर्बो डिझेल, बीएस-फोर. इंजिन वेगळं असलं तरी तपासायची पद्धत हीच राहील.

आवाज मॅनिफोल्डचाच आहे ना?

थंड असताना आवाज आणि गरम झाल्यावर शांत, ही मॅनिफोल्ड गळतीची सगळ्यात पक्की खूण. थंड मॅनिफोल्ड आक्रसलेला असतो, तड्याची किंवा गॅस्केटची फट उघडी असते आणि प्रत्येक सिलिंडरचा धूर तिथून फटका मारून बाहेर पडतो. धातू तापून फुगला की फट मिटते. म्हणून गाडी गॅरेजला चालवत नेली तर मिस्त्रीला काहीच ऐकू येत नाही. गाडी रात्रीच गॅरेजला लावा आणि सकाळी त्यांच्यासमोर पहिला सेल मारा.

डिझेलमध्ये याच आवाजाचा एक भाऊबंद आहे: इंजेक्टरखालचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीखालचं) तांब्याचं वॉशर गेलं की होणारी चफ-चफ. ती गरम झाल्यावर सहसा थांबत नाही आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर साचतो. मॅनिफोल्डची गळती मात्र कोरडी काजळी सोडते. हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर, स्टडच्या (हेडमध्ये रोवलेल्या आट्याच्या दांड्यांच्या) आजूबाजूला किंवा टर्बोच्या फ्लॅंजखाली (जोडणीच्या सपाट कडेखाली) काळा पंखा उमटलेला दिसतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालच्या बाजूनेही बघा, कारण वरून दिसणारा भाग बहुधा चांगलाच असतो.

शंका उरलीच तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून लावा आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. खर्च काही नाही आणि वाद मिटतो. माझ्या गाडीत पहिल्या वेळी हे केलं असतं तर गॅस्केटचा खर्च वाचला असता, कारण बुडबुडे सांध्यातून नाही, तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मधल्या तड्यातून आले असते.

टर्बो गाडीत ही गळती नुसती आवाजापुरती राहत नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, त्याच धुराच्या जोरावर फिरतो. धूर आधीच निसटला तर टर्बो उशिरा जागा होतो, घाटात गाडी ओढत नाही, आपण ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, डिझेल जास्त जातं, धूर काळा होतो आणि मॅनिफोल्ड आणखी तापतो. म्हणजे तडा स्वतःच स्वतःला वाढवतो. शिवाय बॉनेटखालचा धूर काचेखालच्या जाळीतून केबिनमध्ये शिरू शकतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. घरात लहान मुलं असतील आणि गाडीत डोकं जड होतंय अशी कुणाची तक्रार असेल, तर गळती काढल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका.

ऊन जबाबदार नाही

आमच्याकडे कुठलीही गाडी बिघडली की पहिला आरोप उन्हावर. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे खरं. पण डिझेल इंजिनचा धूर पूर्ण भारावर ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो, पेट्रोल टर्बोचा ९०० ते १००० पर्यंत. तिथे बाहेर २५ आहे की ४५, याने मॅनिफोल्डला फारसा फरक पडत नाही. रेडिएटर, एसी, टायर यांना ऊन लागतं. मॅनिफोल्डला लागतो तो उष्णतेचा चढउतार, आणि तो आपण घडवतो.

माझी आई आखाजीला खापरावर मांडे करते. चुलीवर उलटं ठेवलेलं ते मातीचं खापर दिवसभर तापतं, त्याला काही होत नाही. पण तापल्या खापरावर थंड पाण्याचा हात कुणी लावला तर आई ओरडते, कारण ते तडकतंच. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डचंही तसंच. कोंडाईबारीचा घाट चढून उतरलात आणि तशीच गाडी वॉशिंग सेंटरला घालून बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारलंत, तर तुम्ही तेच करताय. इंजिन धुवायचंच असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या. इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण निघालं असेल तर तेही बसवून घ्या, पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी थेट गरम बिडावर उडतं.

दुसरी सवय: चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून वर आल्यावर चहासाठी थांबायचं आणि थांबताक्षणी चावी काढायची. एक-दोन मिनिटं इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न देता सुरू) राहू द्या. याचा मोठा फायदा टर्बोच्या बेअरिंगला होतो, आतलं ऑइल करपत नाही. मॅनिफोल्डलाही थोडं सावकाश निवायला मिळतं.

तर मग फुटला का?

तिसऱ्यांदा आवाज परत आला तेव्हा नवा मॅनिफोल्ड बसवून आठ महिनेच झाले होते. आखाजीसाठी बहिणीला आणायला सुरतेला निघालो होतो. साक्रीच्या पुढे गाडीची ओढ कमी झाली. बहीण परतीच्या वाटेवर विचारत होती, "दादा, एवढा आवाज का करते रे गाडी?" घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी धुळ्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. मी आल्या आल्या मालाला शिव्या घालायला सुरुवात केली. नानांनी गाडी पिटावर घेतली, खालून टॉर्च मारला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ लोखंडना दोष नई शे. वझं कोन उचली ऱ्हायना ते देख."

वजन कोण उचलतंय ते बघ. मी वाकून बघितलं. टर्बोच्या खालच्या बाजूला दोन बोल्टची भोकं रिकामी होती.

लहान डिझेल इंजिनच्या टर्बोचंही वजन पाच-सात किलो भरतं, त्याला पुढचा पाइप जोडलेला. हे सगळं मॅनिफोल्डच्या टोकाला लटकतं. म्हणून बऱ्याच इंजिनांत टर्बोपासून ब्लॉकपर्यंत एक लोखंडी आधारपट्टी असते. गॅरेजमध्ये कधीतरी टर्बो उतरवला जातो, ती पट्टी सोडवायला अडचणीची, परत बसवायला त्याहून अडचणीची, आणि ती नसली तरी गाडी सुरू होते. मग ती कोपऱ्यात राहते. माझ्या गाडीची पट्टी कोणत्या कामात राहिली हे आता कळणं शक्य नाही. पण तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यावर तो सगळा भार एकट्या मॅनिफोल्डच्या मानेवर हिंदकळत होता. लालसर तापलेल्या बिडाची ताकद थंड बिडापेक्षा बरीच कमी असते. मान मोडणार नाही तर काय होणार?

नाना तिथेच थांबले नाहीत. सायलेन्सर पाइपला हात लावून हलवला. टर्बोच्या पुढे जाळी गुंडाळलेला लवचीक पाइप असतो, तो गंजून काठीसारखा कडक झाला होता. मागचं एक रबरी हॅंगर तुटलं होतं. इंजिन गिअर टाकताना, ॲक्सिलरेटर सोडताना डावी-उजवीकडे डुलतं, पण सायलेन्सर गाडीच्या सांगाड्याला बांधलेला. दोघांच्या मधला फरक त्या लवचीक पाइपने गिळायचा असतो. तो कडक झाला की तीच ओढ मॅनिफोल्डवर येते. इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) दबून गेलेलं असेल तर आणखीच.

त्यामुळे कुठल्याही वारंवार फुटणाऱ्या मॅनिफोल्डचं निदान इथून सुरू करा: आधारपट्टी, लवचीक पाइप, हॅंगर, इंजिन माउंट. चारही नीट असतील तर मग इंजिन गरजेपेक्षा जास्त तापतंय का ते बघा. एअर फिल्टर कोंदलाय का (कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात रोज फिरणाऱ्यांनी तर महिन्याला बघावा), इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटलाय का, इंजेक्टर जास्त डिझेल टाकतायत का, पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) तुंबलाय का. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की धुराचं तापमान चढतं. ताकद वाढवण्यासाठी कुणी गाडी रिमॅप केली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली) असेल तर मॅनिफोल्डला दोष देण्यात अर्थ नाही.

फुटलेल्या जागेवरूनही पुष्कळ कळतं. टर्बोच्या फ्लॅंजजवळ मानेत तडा असेल तर वजनाचा किंवा ओढीचा संशय घ्या. दोन नळ्यांच्या मधे तडा असेल, किंवा टोकाचे स्टड कापल्यासारखे तुटले असतील, तर मॅनिफोल्डला सरकायला जागा मिळाली नाही असं समजा. माझ्याकडे तिसऱ्या वेळी दोन्ही होतं.

सरकायला जागा

हा मुद्दा समजला की निवड अर्धी झाली, म्हणून थोडं गणित करू. मॅनिफोल्डची लांबी ४०० मिलिमीटर धरा. बीड दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढतं. ६०० अंश तापलं तर ४०० मिलिमीटरचा तुकडा पावणेतीन मिलिमीटर लांब होतो. ज्या हेडवर तो बसलाय ते ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम दुप्पट फुगतं खरं, पण हेडला पाणी गार ठेवतं. ते ३० वरून १०० अंशांवर आलं तरी तेवढ्याच लांबीत जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मॅनिफोल्डला हेडवर दोन मिलिमीटर सरकावं लागतं, दोन्ही टोकांना एक-एक. हेडला टेकलेली फ्लॅंज नळीपेक्षा गार असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. तरी सरकणं टळत नाही.

सरकायला वाव नसेल तर तापलेलं बीड आतल्या आत दाबलं जातं आणि कायमचं चेपतं. निवल्यावर ते मूळ लांबीपेक्षा आखूड होतं. आता तेच टोकाच्या स्टडना मधे ओढतं. रोज एकदा तापणं, एकदा निवणं. काही महिन्यांत स्टड तुटतो किंवा बीड फाटतं.

म्हणूनच चांगल्या मॅनिफोल्डची भोकं सारखी नसतात. मधलं एखादं भोक स्टडला घट्ट, तिथून दोन्ही बाजूंना मोठी होत जाणारी, टोकाची लांबट. कित्येक ओतीव मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक नळीची फ्लॅंज सुटी असते, मधे खाच. माझा बाजारातून आणलेला मॅनिफोल्ड मी नानांच्या बाकावर मूळच्या शेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला: सगळी भोकं एकाच मापाची गोल आणि फ्लॅंजची सलग पट्टी. दुकानात हातात घेतला तेव्हा चकाकणारा रंग बघितला होता, भोकं बघितली नव्हती.

कोणता घ्यावा

आता मुख्य प्रश्न. माझं मत आधीच सांगतो: रोजच्या वापराच्या टर्बो डिझेलला कंपनीचा मूळ ओतीव मॅनिफोल्ड, किंवा इंजिन बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्याच कारखान्याचा. तो महाग पडतो. मला बाजारातल्याच्या तिपटीच्या आसपास पडला. तरी आधीचे तीन खर्च आणि वाया गेलेले दिवस मोजले तर तोच स्वस्त होता.

धातूत फरक असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. साध्या करड्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे तड्याला आयती वाट. बिडात मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे गोल मणी करायची रीत १९४० च्या दशकात सापडली. त्याला आपल्याकडे एसजी आयर्न म्हणतात, ते बरंच चिवट. त्यात सिलिकॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि थोडं मॉलिब्डेनम घातलं की ८०० अंशांपर्यंत टिकणारा सिमो प्रकार तयार होतो. आजच्या बहुतेक टर्बो डिझेलचे मॅनिफोल्ड याच जातीचे. पेट्रोल टर्बोची उष्णता यापुढे जाते, म्हणून तिथे जास्त निकेलचं बीड किंवा ओतीव स्टेनलेस लागतं. डिझेलचा अनुभव पेट्रोलला लावू नका. काही नव्या पेट्रोल इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि काही डिझेलमध्ये तो टर्बोच्या घराशी एकजीव असतो. तिथे सुटा मॅनिफोल्ड मागून मिळणारच नाही.

दुकानात धातू ओळखायची प्रयोगशाळा नसते, पण काही गोष्टी करता येतात. जुना मॅनिफोल्ड सोबत न्या. दोन्ही वाण्याच्या काट्यावर ठेवा. नवा बराच हलका भरला तर भिंत पातळ आहे. जुन्याचा ओतीव नंबर नव्याशी जुळतो का बघा. भोकांची आणि खाचांची तुलना करा. सुटा टांगून लहान हातोडीने हलकं वाजवा, आपण माठ घेताना वाजवतो तसं. चांगलं बीड खणखणतं, तडा असलेलं बद्द वाजतं. हेडकडची बाजू काचेवर किंवा सपाट पत्र्यावर ठेवून कोपरे दाबा, डुगडुगला तर परत द्या.

इंजिन तेच असलं तरी मॅनिफोल्ड तोच असेल असं नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं तेव्हा कित्येक इंजिनांची ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) जोडणी, सेन्सरची जागा बदलली. गाडीचं नाव सांगून पार्ट मागू नका. चेसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. जुना नंबर बंद होऊन नवा आलेला असतो तेव्हा त्यासोबत गॅस्केट किंवा स्टडही बदललेले असू शकतात, हे विचारून घ्या.

नव्या ओतीव मालात आत वाळू राहिलेली असू शकते. ही वाळू सुटली तर थेट टर्बोच्या चाकावर जाते, आणि ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं. बसवण्याआधी नळ्यांमध्ये बोट फिरवा, वायर ब्रश मारा, हवेने झाडा. वेल्डिंग केलेल्या मॅनिफोल्डच्या आतल्या थेंबांचाही हाच धोका.

जुन्या बाजाराचा पर्याय मी पूर्ण नाकारत नाही. मुंबईत कुर्ल्याला अपघातग्रस्त गाड्यांचा मूळ माल मिळतो. मूळ धातूचा जुना मॅनिफोल्ड अनोळखी धातूच्या नव्यापेक्षा मला बरा वाटतो, मात्र एका अटीवर. तो साफ करून लाल डाय आणि पांढऱ्या पावडरने तडा तपासायचा आणि तोंड मशीनवर सपाट करून घ्यायचं. बारीक भेग साध्या डोळ्याला कधीच दिसत नाही, पांढऱ्या पावडरवर लाल रेघ लगेच उमटते.

वेल्डिंगबद्दल लोक फार विचारतात. बीड वेल्ड होतं. निकेलची काडी, आधी सगळा तुकडा तापवायचा, थोडं थोडं वेल्ड मारून हातोडीने ठोकायचं, मग राखेत किंवा कोरड्या वाळूत गाडून रात्रभर निवू द्यायचं. ट्रॅक्टरच्या अवजड तुकड्यांवर हे चांगलं टिकतं. माझ्या मॅनिफोल्डवर अवघ्या दोन महिन्यांत वेल्डच्या शेजारून नवा तडा गेला. वेल्डच्या कडेचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, आणि मॅनिफोल्ड रोज सातशे अंशांची ये-जा करतो. वाटेत अडकलात आणि घरी पोचायचंय, तर वेल्ड करा. कायमचा इलाज समजू नका.

स्टेनलेस पाइप वाकवून बनवलेला मॅनिफोल्ड देखणा दिसतो आणि तरुण पोरांना तोच हवा असतो. शर्यतीच्या गाडीला त्याचा उपयोग आहे. पण ३०४ जातीचं स्टेनलेस बिडापेक्षा दीडपट फुगतं. वरच्याच गणितात पावणेतीनच्या जागी सव्वाचार मिलिमीटर. त्यात पातळ पाइपवर टर्बोचं वजन. जाड भिंतीचा पाइप, टर्बोला वेगळा आधार, फ्लॅंजला खाचा आणि अनुभवी वेल्डर हे सगळं जुळलं तरच तो टिकतो. रोज शेतात, बाजारात, लग्नाला जाणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

आणि मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका. बॉनेटखाली गारवा मिळतो, पण आतलं बीड आणखी तापतं. मूळचा पत्र्याचा हीट शील्ड वाजतो म्हणून काढून टाकला असेल तर शोधून परत लावा.

बसवताना

चांगला मॅनिफोल्ड घाईत बसवला तर पुन्हा तेच होतं. जुने नट सोडवताना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून स्टड हेडमध्ये तोडलात तर कामाचा दिवस दुप्पट होतो. तुटलाच तर उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डच्या उष्णतेनेच तो बऱ्याचदा सैल होतो. ड्रिल मारायची वेळ आली तर मध्य चुकू देऊ नका, ॲल्युमिनियम मऊ असतं आणि ड्रिल तिकडे घसरतं.

स्टड, नट आणि गॅस्केट नवेच. शेकडो वेळा तापलेला स्टड ताणला गेलेला असतो, तो पुन्हा तोच दाब धरत नाही. साधे स्टेनलेस नट कोरडे लावू नका, आटे एकमेकांत रुततात. कंपनीचे तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट मिळतात, तेच घ्या. हेडचं तोंड सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आमच्या नानांच्या हिशेबाने ०.१ मिलिमीटरची पाती खाली शिरली की थांबायचं आणि तोंड मशीनवर न्यायचं. गॅस्केटवर लाल सीलंट फासून वाकडेपणा झाकत नाही.

नट मधून सुरू करून टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच). आठ मिलिमीटरच्या स्टडला बहुतेक इंजिनांत २० ते ३० न्यूटन मीटरच्या दरम्यान आकडा असतो, तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. जास्त आवळलं म्हणजे जास्त पक्कं, हा समज इथे उलटा पडतो: जास्त आवळलेली फ्लॅंज सरकत नाही.

आधारपट्टी सगळ्यात शेवटी. नाना पट्टीचे बोल्ट आधी हाताने लावून बघत होते. भोकं हाताने जुळली तरच आवळायचे. टॉमीने (लोखंडी पहारीने) ओढून जुळवावी लागली तर गाडी उभी असतानाच मॅनिफोल्डवर ताण बसतो. माझ्या गाडीत पट्टी जुळत नव्हती, कारण सायलेन्सर मागून ओढत होता. नवा लवचीक पाइप आणि हॅंगर लावल्यावर बोल्ट बोटांनी आत गेले.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना सांध्यावर टॉर्च मारा. काजळीची नवी रेघ नसेल तर ठीक. नट पुन्हा आवळायचे की नाही हे गॅस्केटच्या प्रकारावर ठरतं, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच हात लावा. पुढे दर सर्व्हिसिंगला मी दोनच गोष्टी स्वतः वाकून बघतो: पट्टीचे दोन्ही बोल्ट जागेवर आहेत का, आणि लवचीक पाइप हाताने हलतो का. टर्बो किंवा क्लचचं काम कुठेही केलं तरी गाडी ताब्यात घेण्याआधी पिटात उतरून ते दोन बोल्ट मोजा.